१०२ अंश

१९९१ च्या पावसाळ्यात खेड तालुक्यातल्या एका छोट्या चीज कारखान्यात पाचशे लिटर दूध वाया गेलं. वाफेचा व्हॉल्व्ह ज्यांच्या हातात होता, त्या माणसाचं काम गेलं. त्यांची चूक नव्हती. ज्या कागदावरून त्यांनी काम केलं, तो कागद मी लिहिला होता. ही गोष्ट मी चार महिने कोणाला सांगितली नाही, आणि नंतर सांगितली तीही अर्धवट. आज ती पूर्ण लिहून काढतो आहे.

मी तेव्हा भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो. डेअऱ्यांना लागणारी स्टेनलेस स्टीलची भांडी, टाक्या, दुहेरी तळाच्या कढया असं आमचं काम. पत्रा ३०४ ग्रेडचा, आतून आरशासारखा घासलेला, कारण दुधाला एक ओरखडासुद्धा चालत नाही; त्यात मागचं दूध राहतं आणि पुढचं नासतं. माझं इंग्रजी बरं होतं. त्यामुळे मुंबईच्या गिऱ्हाइकांची पत्रं वाचणं, त्यांना उत्तरं लिहिणं आणि मशिनसोबत द्यायच्या सूचना मराठीत करणं ही कामंही माझ्याकडे येत. मला ती आवडत. शॉपवर सगळे मला त्यासाठी मान देत, आणि त्या मानाची मला सवय लागली होती.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. तेव्हा तिथे कारखाने नव्हते. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, शनिवारचा जनावरांचा बाजार आणि संग्रामदुर्गाचे पडके बुरूज. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेला तो भुईकोट आम्ही शाळेत जाता-येता बघायचो. आईकडे चार म्हशी होत्या. वडील सायकलला किटल्या लावून चाकणला रतीब घालायचे. मी दुधाच्या वासात वाढलो, आणि शिकल्यावर सगळ्यात आधी तो वास अंगावरून घालवला.

चीज कारखान्याचे मालक हौशी आणि कष्टाळू होते. त्यांनी आमच्याकडून पाचशे लिटरचा एक व्हॅट करून घेतला: लांबट, उभ्या भिंतींचा, दुहेरी कवचाचा. दोन पत्र्यांच्या मधून वाफ खेळवायची म्हणजे दुधाला थेट जाळ लागत नाही. पुण्यात रद्दीच्या दुकानात त्यांना विलायती पद्धतीच्या चीजवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यातली पानं खुणा करून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एवढं मराठीत करून द्या. आमच्या माणसांना वाचता आलं पाहिजे."

मी ते पुस्तक रविवारी गावी घेऊन गेलो. ओसरीवर बसलो, शेजारी शब्दकोश ठेवला. पुस्तक चीज करणाऱ्यांनी चीज करणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. त्यातले शब्द साहेबी कचेरीचे नव्हते, गोठ्यातले आणि चुलीजवळचे होते. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की दूध नव्या दुधाइतकं ऊन असावं. मी लिहिलं, 'धारोष्ण'. तो शब्द सुचल्यावर मला फार बरं वाटलं. आणि पुढे जेव्हा काम झालं, तेव्हा त्या पायरीला काडीची अडचण आली नाही. धार काढून भांड्यात ओतलेलं दूध किती ऊन असतं, हे त्या कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला हाताने माहीत होतं.

पुढे दूध गोठवणं, मग गोठलेल्या दुधाचे सुरीने बारीक चौकोन कापणं. त्या गोठलेल्या दुधाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच आपण इथे दह्यासाठी वापरतो, 'कर्ड'. मी 'दही' लिहिलं. ते दही नव्हे. दही आंबून लागतं. हे दूध मुख्यतः रेनेटने धरलेलं असतं, कापलं की त्यातून हिरवट पिवळी निवळी सुटते. ही पहिली चूक. तिने नुकसान केलं नाही, पण पुढच्या चुकीला वाट करून दिली.

मग आला 'स्काल्ड'. त्या दाण्यांना निवळीतच १०२ अंशापर्यंत स्काल्ड करा, हळूहळू, चाळीस मिनिटं घेऊन, असं पुस्तक सांगत होतं. मी शब्दकोश उघडला. त्यात होतं: उकळत्या पाण्याने पोळणे, भाजणे, उकळत्या पाण्याने धुणे. उकळतं पाणी आणि १०२ अंश. माझ्या डोक्यात दोन्ही बरोबर जुळलं. पाणी शंभराला उकळतं, म्हणजे हे त्याहून जरा वर. मी लिहिलं: 'दही १०२ अंशांपर्यंत उकळवा.'

आकड्यापुढे इंग्रजी 'एफ' छापलेला होता. फॅरनहाइट. मी तो पाहिला होता की नाही, हे आज मी शपथेवर सांगू शकत नाही. आमच्या शॉपवर सगळं सेल्सिअसमध्ये चालायचं, त्यामुळे आकडा उतरवून घेताना ते अक्षर मी सोडून दिलं, एवढं खरं.

त्याच वेळी माझ्यापासून चार हातांवर आई संध्याकाळचं विरजण लावत होती. तापवलेलं दूध निवत ठेवलेलं. मधूनमधून ती करंगळी बुडवून पाहायची. "अजून कढत आहे," म्हणायची. मग थोड्या वेळाने पुन्हा करंगळी. "आता सोसतंय." मग चमचाभर ताक टाकून भांडं फडक्यात गुंडाळायची. करंगळी सोसेल असं दूध म्हणजे साधारण चाळीस अंश सेल्सिअस. पुस्तकातले १०२ फॅरनहाइट म्हणजे ३९. जे तापमान मी शब्दकोशात शोधत होतो, ते आई माझ्यासमोर बोटाने मोजत होती. मी तिला काहीच विचारलं नाही. इंग्रजी पुस्तकातली गोष्ट आईला विचारायची, हे मनातच आलं नाही.

व्हॅट बसवायला आमचा फिटर आणि मी दोघं गेलो. जुलै महिना होता, इंद्रायणी दुथडी भरून वाहत होती. पहिला घाणा आमच्यासमोर काढायचा असं ठरलं होतं. पहाटे आसपासच्या वाड्यांवरून गाईचं दूध आलं. साठ-सत्तर घरांची सकाळची धार होती ती. मालक मिठासाठी आणि साच्यांसाठी पुण्याला गेले होते. काम पाहत होते ते मामा. पन्नाशीचे, आधी बरीच वर्षं खव्याच्या भट्टीवर काढलेली. खवा आटवणारा माणूस दुधाला जेवढं ओळखतो तेवढं क्वचितच कोणी ओळखत असेल. चर्र झालं की जाळ काढायचा, तळाला पोत कधी बदलतो, खुरपणं फिरवताना हाताला जडपणा कधी येतो, हे त्यांना डोळे मिटून कळायचं.

दूध धरलं. सुरीने कापलं. निवळी सुटली. मामांनी माझा कागद हातात घेतला, अक्षर लावून वाचला आणि माझ्याकडे आले.

"साहेब, दही उकळायचं?"

"तसं दही नव्हे हो मामा, चीजचं."

"कुठलं का असंना. उकळलं की त्याचा चोथा होणार. अन् ह्यो काटा शंभरावर संपतोय. एकशे दोन कुठनं आणू?"

व्हॅटला आम्हीच लावलेल्या थर्मामीटरची तबकडी शंभर अंशांवर संपत होती. मामांनी तिच्याकडे बोट दाखवलं. दोन्ही शंका बरोबर होत्या. एक दुधाच्या बाजूने होती, एक यंत्राच्या बाजूने. मी तिथे थांबून पुस्तक उघडायला हवं होतं. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी म्हणालो, "उकळी आली की झालं. पुस्तकात तसंच आहे."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि व्हॉल्व्ह उघडला.

साठ अंशांच्या पुढे दाणे आकसायला लागले. सत्तरच्या पुढे ते एकमेकांना चिकटून तळाला बसले. मामांनी दोनदा विचारलं, बंद करू का. मी दोनदा नाही म्हणालो. उकळी फुटली तेव्हा व्हॅटमध्ये वर पिवळं पाणी खदखदत होतं आणि खाली रबरासारखा चिवट गोळा. चीज पिकवणारे जिवाणू कोमट दुधात जगतात. ते केव्हाच मेले होते. त्या गोळ्याला ना आंबटपणा येणार होता, ना चव. पाचशे लिटरमधून पन्नास किलोच्या आसपास चीज व्हायचं, त्यातलं काहीच झालं नाही. संध्याकाळी तो गोळा फावड्याने काढून टाकला.

मालक आले, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, काय झालं. आमचा फिटर म्हणाला, व्हॅट ठीक आहे, वाफ ठीक आहे. मग सगळ्यांचे डोळे मामांकडे वळले, कारण व्हॉल्व्ह त्यांच्या हातात होता. मामा म्हणाले, "साहेबांनी सांगितलं तसं केलं." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाफ जरा जास्त झाली असावी." हे वाक्य मी उच्चारलं. तेव्हा मला चूक कुठे झाली ते कळलेलं नव्हतं, पण मामांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, हे तर मला माहीत होतं.

तिसऱ्या रात्री भोसरीच्या खोलीत आमच्या चार वर्षांच्या मुलीला ताप भरला. बायकोने काखेतलं थर्मामीटर दिव्याकडे धरून वाचलं आणि म्हणाली, "एकशे दोन आहे."

मी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. ऊन होतं. हात ठेवता येत होता. मी तसाच उठलो, पिशवीतून पुस्तक काढलं आणि ते पान उघडलं. आकड्यापुढे एफ होता. कागदाच्या पाठीमागे हिशेब केला: एकशे दोनमधून बत्तीस वजा, राहिले सत्तर, पाचने गुणून नऊने भाग, अडतीस पूर्णांक नऊ. बायकोने विचारलं, काय करताय. मी म्हणालो, काही नाही. तिने घड्या ओल्या करून मुलीच्या कपाळावर ठेवल्या, आणि मी त्या आकड्याकडे पाहत बसलो. आपल्याकडे ताप अजूनही फॅरनहाइटमध्ये मोजतात. एकशे दोन म्हणजे काय, हे घराघरात आयांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण ते घरातलं माहीत असणं मी कामावर येताना घरीच ठेवून यायचो.

मुलीचा ताप दोन दिवसांत उतरला. मामांचं काम त्याच आठवड्यात गेलं. मला फिटरकडून कळलं.

त्या वेळी मी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. शॉपवर मला डिझाइनच्या विभागात घ्यायचं चाललं होतं, आणि पाचशे लिटर दुधाचं बिल आमच्या शेटांकडे येईल अशी भीती वाटली. त्याहून मोठी भीती ही होती की माझं इंग्रजी कच्चं आहे हे सगळ्यांना कळेल. मी कारणं सांगतो आहे ती खरी म्हणून, पुरेशी म्हणून नव्हे. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज संध्याकाळी वाटायचं, आता उशीर झाला.

नोव्हेंबरात चाकणच्या शनिवारच्या बाजारात मामा दिसले. कडब्याच्या गाडीपाशी उभे होते. मी जाऊन सगळं सांगितलं: एफ, ताप, हिशेब, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला तवाच वाटलं व्हतं. पर कागद तुमचा व्हता."

मी विचारलं, आता कुठे असता. म्हणाले, मिळंल तिथं. "भट्टीवर गेलो व्हतो. तिथं घेतलं न्हाई. दूध जाळणारा म्हनत्यात."

हे मला माहीत नव्हतं. एका घाण्याचं नुकसान, एका महिन्याची मजुरी, एवढंच मी धरून चाललो होतो. ज्या धंद्यात त्यांची उमर गेली, त्या धंद्यात त्यांना ते नाव पडलं होतं. खव्याच्या भट्टीवर माणसाला दुसरं कुठलंही नाव चालतं, हे चालत नाही.

"तुमी तवा बोलला असता तर बरं झालं असतं," एवढंच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या एका महिन्याच्या मजुरीइतके पैसे घेऊन गेलो. त्यांनी मोजले, बंडीच्या खिशात ठेवले आणि कडब्याच्या भावाचं बोलायला लागले.

त्यानंतर मी मालकांकडेही गेलो. आणि तिथे पुन्हा चुकलो. मी म्हणालो, "त्या पुस्तकातला आकडा चुकीचा होता." पुस्तक बरोबर होतं. मालकांनी मान हलवली, म्हणाले, जुनी पुस्तकं अशीच. मामांना परत बोलवा, असं मी सुचवलं. पण तोवर त्यांनी चीजचा नाद सोडून पनीर धरलं होतं आणि माणसं कमी केली होती. मी खरं बोललो असतो तर त्यांनी निदान दोन ठिकाणी सांगितलं असतं की दूध मामांनी जाळलं नाही. पुस्तकाचा दोष कोण कशाला गावभर सांगेल?

त्या प्रसंगानंतर मी शब्दांच्या मागे लागलो. पुण्यात १९७५ साली पुन्हा छापलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश विकत घेतला. तो पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्यातली पानं चाळताना आईच्या तोंडचे शब्द एकामागून एक भेटत गेले: आधण, विरजण, निवळी, बेरी, चीक. इंग्रजी शब्दांची कुळंही शोधली. 'स्काल्ड' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि मूळ अर्थ ऊन पाण्याने धुणे. ऊन, उकळतं नव्हे. इंग्रज स्वयंपाकीण दुधाला 'स्काल्ड' म्हणते तेव्हा ते उकळायच्या अलीकडे काढते. भांडं 'स्काल्ड' करते तेव्हा त्यावर उकळतं पाणी ओतते. आणि चीज करणारा तोच शब्द वापरतो तेव्हा दाण्यांना फक्त तापाच्या अंगाइतकं ऊन करतो. एकाच शब्दाने तिघं तीन कामं करतात आणि त्यांना कधी गोंधळ होत नाही, कारण हात काय करतोय ते त्यांना ठाऊक असतं. मी एकटा असा होतो की माझ्या हातात फक्त शब्द होता.

इंग्रजीत उकळण्याला जुना देशी शब्द होता 'सीद'. तो चुलीवरून हळूहळू उतरला, त्याच्या जागी फ्रेंचांचा 'बॉइल' आला, आणि 'सीद' आता मुख्यतः रागाने धुमसणाऱ्या माणसासाठी उरला. हे वाचून मला आपला 'कढ' आठवला. लोणी कढवतो तो कढ, आणि रडताना पोटातून येतो तो कढ. आपल्याकडे तो शब्द अजून चुलीवरही आहे आणि मनातही. आणि इंग्रजीत ज्या खोलीत दूध-लोण्याचं काम चालतं तिला 'डेअरी' म्हणतात. तो शब्द निघाला 'डे' वरून, आणि 'डे' म्हणजे घरकाम करणारी बाई, त्याही आधी कणीक मळणारी. यंत्रं आली, कारखाने आले, पण पाटीवर अजून त्या बाईचं नाव आहे.

मराठीत उकळण्याची शिडी किती बारीक आहे, हे मला चाळिशीत कळलं. ऊन, कोमट, कढत, कडकडीत. पाणी उकळतं, भाताला आधण येतं, दूध तापतं, लोणी कढतं, रस आटतो, डाळ रटरटते, बटाटा उकडतो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. त्यातही एक फसवा आहे. आपण दूध 'तापवतो' म्हणतो तेव्हा ते वर येईपर्यंत तापवतो. म्हणजे मी त्या कागदावर 'उकळवा' ऐवजी 'तापवा' लिहिलं असतं, तरी मामांच्या जागी दुसऱ्या कोणी दूध उकळलंच असतं. तिथे एकच बरोबर वाक्य होतं, 'करंगळी सोसेल इतपत ऊन करा', आणि ते माझ्या घरी रोज बोललं जात होतं.

शॉपवरही मी हीच चूक केली होती, पण तिचा हिशेब करायला मला आणखी वर्षं लागली. शिकाऊ मुलांसाठी मी एक शब्दसूची केली होती. आमचे जुने कारागीर, ज्यांच्यात एक-दोघे तांबटकाम पाहिलेले होते, टॅक वेल्डला 'टाका' म्हणायचे. टाका घाल, टाका सुटला. तांब्यापितळेच्या भांड्याला डाख लावताना जो शब्द त्यांच्या बापजाद्यांनी वापरला तोच त्यांनी आर्गॉनच्या वेल्डिंगला लावला होता, आणि तो तंतोतंत बसत होता. मी तो खोडून 'बिंदुसंधान' लिहिलं. मुलांनी ते पाठ केलं, कामावर इंग्रजी शब्द वापरला, आणि टाका त्या कारागिरांबरोबर निवृत्त झाला. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला तेव्हा बलुतेदारांची कामं, हक्क, रीत सगळं बारकाईने नोंदलं. तो ग्रंथ वाचताना मला वाटत होतं, हा माणूस लोकांच्या दारात जाऊन उभा राहिला असणार. माझ्या शॉपवर ती माणसं माझ्या शेजारच्या टेबलावर डबा खात होती.

आईच्या शब्दांची वही मी १९९९ मध्ये धरली. त्याच सुमारास बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला. मग २००९ मध्ये फोक्सवॅगन, पाठोपाठ इतर. पण आमच्या गावात बदल त्याआधीच सुरू झाला होता. रस्त्याकडेची जमीन गेली, चारा महाग झाला, वडील गेल्यावर आईने म्हशी विकल्या. गोठ्याच्या जागी पत्र्याच्या सहा खोल्या उभ्या राहिल्या, त्यात लातूर-बीडकडची आणि बिहारची मुलं भाड्याने राहायला आली. दूध पिशवीतून यायला लागलं.

मी वही घेऊन बसायचो आणि विचारायचो, आई, चीक पहिल्या दिवसाचा आणि तिसऱ्या दिवसाचा, त्यांना वेगळे शब्द आहेत का? लोणी कढवताना आधी कसला आवाज येतो, त्याला काय म्हणायचं? ती आठवायचा प्रयत्न करायची. काही सांगायची. बऱ्याचदा हात हवेत फिरवायची, रवी घुसळल्यासारखा, आणि थांबायची. एकदा म्हणाली, "असं तोंडी कसं सांगू? दूध असतं तर दाखवलं असतं."

मी शब्द मागत होतो, आणि तिचे शब्द कामाच्या आत होते. म्हशी दारात होत्या तेव्हा मी शब्दकोश उघडून बसलो होतो. शब्दाची किंमत कळली तेव्हा म्हशी नव्हत्या. वहीत ४१ शब्द आहेत. आई २००४ मध्ये गेली. पन्नास वर्षं दुधात हात असलेल्या बाईचे ४१ शब्द, त्यातल्या अकरांपुढे मी प्रश्नचिन्ह केलेलं आहे, कारण तिने सांगितलेला अर्थ मला नीट समजला नाही आणि पुन्हा विचारायचं राहून गेलं.

नंतरच्या वर्षांत मी बऱ्याच यंत्रांच्या सूचना लिहिल्या. लिहून झाल्यावर कागद आधी ते यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचो आणि तो जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायचो. त्यात वेळ जायचा आणि शेट चिडायचे. प्रत्येक आकड्यापुढे एकक दोनदा लिहायचो, एकदा अक्षरात, एकदा चिन्हात. २०१६ मध्ये निवृत्त झालो.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मला ते उशिरा कळलं. त्यांचा नातू चाकणच्याच एका कारखान्यात आहे, असं कोणीतरी सांगितलं. मी त्याला ओळखत नाही, आणि त्याने मला कधी पाहिलेलं नाही. पण त्या भागात अजून खव्याच्या भट्ट्या आहेत, जुनी माणसं आहेत, आणि नावं माणसांपेक्षा जास्त दिवस टिकतात. म्हणून त्या घरातल्या कोणाच्या हाती हा अंक पडला तर त्यांना सांगायचं आहे: तुमच्या आजोबांनी दूध जाळलं नाही. त्यांनी व्हॉल्व्ह उघडायच्या आधी मला विचारलं होतं, आणि उघडल्यावर आणखी दोनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.